लघवीची नळी किती दिवस?

धुळ्याचे हिरे वैद्यकीय महाविद्यालय असो की जळगावचे शासकीय रुग्णालय, प्रोस्टेट वाढून लघवी अडलेल्या आजोबांना नळी घातली की जिवात जीव येतो. मूत्राशयात गेलेल्या टोकाजवळचा फुगा निर्जंतुक पाण्याने फुगवतात, म्हणून ती निसटत नाही. ओढली गेली, तर मात्र मूत्रमार्गाला इजा होऊन रक्त येते.

खरा धोका जंतूंचा. नळी असेपर्यंत दररोज साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत ते नव्याने शिरतात. एक्स-रेला नेताना नातेवाईक पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवतात आणि साचलेली लघवी उलटी फिरते. पिशवी कमरेखाली, पण जमिनीला न टेकता टांगा. थंडी-ताप आल्यास लगेच सांगा. आणि डॉक्टरांना रोज विचारा, “नळी आज काढता येईल का?”