तीन बाडे, एक लेखणी

एक ना धड भाराभर चिंध्या, अशी आपल्याकडे म्हण आहे. लिहिणाऱ्या माणसाला ती जितकी लागू पडते तितकी शिंप्यालाही पडत नसेल. कोल्हापूर, सांगली, मिरज, बेळगाव या बाजूच्या जुन्या घरांतील ट्रंका उघडून पाहाव्यात. जुन्या खातेवहीच्या पाठकोऱ्या पानांवर कोणा आजोबांनी आरंभिलेले नाटक, कोणा आत्याबाईंची चार प्रकरणांवर थांबलेली कादंबरी, असे काहीतरी हमखास सापडते. सुरुवात करणारे पुष्कळ, शेवटचे पान लिहिणारे थोडे. याचे कारण आळस, असे आपण सहज म्हणून टाकतो. मला ते पुरते खरे वाटत नाही. कित्येकदा माणूस आळशी नसतो. त्याच्यापुढे एकाहून अधिक अपुरी कामे पडलेली असतात आणि त्यांतले आधी कोणते हाती घ्यावे, याचा निर्णय होत नसतो. हा निर्णय कशाच्या आधारावर करावा, एवढ्याचाच विचार येथे करायचा आहे.

हा प्रश्न मला परका नाही. मी निपाणीचा. शाळेत मराठी शिकवण्यात उमेद गेली, आता वय बहात्तर. माझ्या कपाटात तीन बाडे आहेत. पहिले ऐतिहासिक कादंबरीचे. उत्तर पेशवाईतले सिधोजीराव नाईक-निंबाळकर, म्हणजे निपाणकर देसाई, हा तिचा विषय. या देसायांचे कोल्हापूर दरबाराशी किती वाकडे होते, हे कोल्हापूरच्या जुन्या मंडळींना मी सांगावे असे नाही. या बाडाची तीनशे पाने झाली आहेत. दुसरे बाड १९८१ च्या तंबाखू आंदोलनाचे. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १४ मार्चपासून हजारो शेतकरी निपाणीजवळ पुणे-बेंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि बारा शेतकरी प्राणाला मुकले. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. त्या दिवसांवरच्या कादंबरीची दीडशे पाने लिहून झाली आहेत. तिसऱ्या बाडाला बाड म्हणणेही धाडसाचेच. तीन वह्या आणि काही चिटोरी. आमच्या गल्लीतल्या, तंबाखूच्या वखारीत जन्म घालवलेल्या बायकांच्या तोंडून ऐकलेले ते बोलणे आहे. पुस्तकाच्या आकारात आणलेली पाने जेमतेम चाळीस.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवसाकाठी दोन तासांपलीकडे वाचन-लेखन नको, असे बजावले आहे. रोजच्या दोन तासांत या वयात तीन पुस्तके होत नाहीत. एक झाले तर होईल.

कोल्हापूरच्या एका स्नेह्यांना सल्ला विचारला. ते व्यवहारी गृहस्थ. म्हणाले, “यात विचार तो काय करायचा? तीनशे पाने झाली आहेत, ते आधी पुरे करा. इतके कष्ट वाया घालवणार काय?” वरवर पाहता हे बिनतोड आहे. परंतु आमच्याकडचा शेतकरी या न्यायाने चालत नाही. कोणत्या तुकड्याला आधी हात घालायचा, हे तो तिथे किती घाम गाळला यावरून ठरवीत नाही, पिकाकडे पाहून ठरवतो. तंबाखूच्या पानावर ठिपका आला की हातातले बाकीचे काम टाकून आधी तंबाखू कापावी लागते. दुसऱ्या तुकड्याची मशागत दुप्पट झालेली असेल, तरी त्याला थांबता येते. लेखनाच्या बाबतीत मात्र आपण झालेली पाने मोजत बसतो.

मोठ्या लेखकांपुढेही हा पेच येऊन गेला आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३३ होते. अखेरच्या आजारपणात त्यांनी ‘भावबंधन’ पुरे केले. पुढे बळवंत संगीत मंडळीने ते रंगभूमीवर आणले आणि मास्टर दीनानाथांची लतिका आपल्या घरांतून कौतुकाचा विषय होऊन राहिली. ‘राजसंन्यास’ मात्र अपुरेच राहिले. उरलेली शक्ती दोन्हीकडे वाटली असती, तर कदाचित दोन्ही नाटके अर्धी राहिली असती. यात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘राजसंन्यास’ अपुरे असूनही मराठी माणसाने ते टाकून दिले नाही, आवडीने वाचले. तेव्हा एक काम निवडले म्हणजे दुसरे मेले, असे नव्हे.

दुसरे उदाहरण टॉलस्टॉयचे. पीटर द ग्रेट या रशियन बादशहाच्या काळावर कादंबरी लिहिण्याचा त्याचा बेत होता. १८७० नंतरची दोन-तीन वर्षे त्याने कागदपत्रांचे ढीग वाचले, पुन्हा पुन्हा सुरुवात करून पाहिली. कादंबरी उभी राहीना; त्या काळची माणसे डोळ्यांसमोर हलती-चालती होईनात. अखेर १८७३ साली ते सारे बाजूला ठेवून त्याने आपल्याच काळातल्या, आपल्याच समाजातल्या एका स्त्रीची कथा लिहायला घेतली. ती ‘ॲना कॅरेनिना’. सर्वांत जास्त तयारी जिची झाली होती ती कादंबरी झालीच नाही. जिची माणसे त्याला दिसत होती, ती झाली.

पण रशियापर्यंत कशाला जा? निपाणीहून बेळगावकडे निघाले की तवंदीचा घाट लागतो. १९१४ साली जन्मलेल्या इंदिरा संत यांचे बालपण त्या तवंदीला गेले. पुढे सारे आयुष्य त्यांनी बेळगावात काढले, तिथल्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवले. पती ना. मा. संत १९४६ साली गेले. पदरात लहान मुले, नोकरी, संसार. ‘शेला’ हा त्यांचा कवितासंग्रह १९५१ साली निघाला आणि मग कवितेची वाट अखंड चालू राहिली. मधल्या काळात त्यांनी कथाही लिहिल्या, कथासंग्रहही निघाले. परंतु आयुष्याच्या केंद्रस्थानी ठेवली ती कविता. आणि उतारवयात, नावलौकिकाला काही उणे उरले नव्हते तेव्हा, त्यांनी हाती काय घेतले? खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या. त्या ओव्यांचे मर्म उलगडणारी ‘मालनगाथा’ त्यांनी सिद्ध केली. स्वतःची कविता लिहायला त्यांना कोणी अडवले नव्हते. पण घरोघरी पिठाच्या गिरण्या पोचल्या, जाती उंबऱ्याबाहेर गेली, आणि ओव्या येणाऱ्या बायका एकेक करून निघून चालल्या होत्या. हे काम थांबण्यासारखे नव्हते.

त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. कऱ्हाडला ते भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. १९६० च्या दशकात त्यांनी लिहायला आरंभ केला आणि मग कितीतरी वर्षे त्यांची लेखणी थांबली. पुन्हा लिहू लागले तेव्हा ते दुसऱ्या कोणत्याही विषयाकडे वळले नाहीत. लंपन नावाचा एक मुलगा, त्याचे आजी-आजोबा, त्याचे गाव, आणि कानडीच्या शेजारामुळे वेगळाच हेल आलेली त्याची मराठी, एवढेच त्यांनी धरून ठेवले. ‘वनवास’ १९९४ साली आले, ‘शारदा संगीत’ १९९७ साली, ‘पंखा’ २००१ साली. २००३ च्या जुलैमध्ये ते गेले आणि ‘झुंबर’ त्यांच्या पश्चात २००४ साली निघाले. सारी मिळून दहा वर्षे. एवढ्या अवधीत चार विषयांना हात घातला असता, तर आपल्या भागाची ही भाषा आज पुस्तकात आहे तशी राहिली असती काय?

आता कोणी म्हणेल, या थोरांना वेळ तरी होता. त्यांना मी आमच्या महादेव मोरे यांच्याकडे बोट दाखवीन. निपाणीत पिठाची गिरणी चालवता चालवता त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या आणि गावातल्या कष्टकऱ्यांचे जग मराठीत आणले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. गिरणीवर दळण घेऊन येणारा माणूस लेखकाच्या सवडीने येत नसतो. तेव्हा वेळ नाही ही सबब निदान आम्हा निपाणीकरांना शोभत नाही.

ही उदाहरणे समोर ठेवून मी माझ्या तीन बाडांकडे पुन्हा पाहिले आणि पाने मोजणे सोडून दोन प्रश्न विचारले. हे काम मी केले नाही तर दुसरे कोणी करील काय? आणि हे काम थांबू शकते काय?

देसायांची कादंबरी थांबू शकते. तिची साधने कोल्हापूरच्या पुरालेखागारात, पुण्याच्या पेशवे दप्तरात नीट बांधून ठेवलेली आहेत. मोडी वाचणारी तरुण मुले आजही तयार होत आहेत. वीस वर्षांनी कोणी ती दप्तरे सोडली तरी अक्षरे तीच असणार. १९८१ च्या आंदोलनाचेही तसेच. त्या वेळची वृत्तपत्रे आहेत, त्यावर लिहिलेले लेख आहेत, त्यात असलेली माणसे अजून बोलती आहेत. त्या रस्त्यावर मी जे पाहिले ते माझ्यापुरते आहे हे खरे. पण ते पाहणारे माझ्यासारखे हजारो होते.

वखारीतल्या बायकांचे बोलणे मात्र असे दप्तरात बांधून ठेवलेले नाही. पहाटे भाकरी थापून, कडेवरचे मूल शेजारणीकडे टाकून वखारीत जायचे. दिवसभर तंबाखू चाळायची. खकाणा नाकातोंडात जाऊन ठसका लागायचा, म्हणून पदराने तोंड बांधायचे, आणि बांधलेल्या तोंडानेच एकमेकींना गोष्टी सांगायच्या, भांडायचे, हसायचे. संध्याकाळी घरी आले की तान्हे मूल अंगाच्या वासाने शिंकायचे. हे फारसे कोणी लिहून ठेवले नाही, कारण ते लिहिण्यासारखे आहे असे त्या बायकांनाही कधी वाटले नाही.

शिवाय प्रश्न भाषेचा आहे. आमच्या बाजूची बाई ‘मी जाते’ म्हणत नाही, ‘मी जातो’ म्हणते. पुण्यामुंबईच्या कानाला ते खटकते. यातले एक प्रकरण मी एका मासिकाकडे पाठवले होते. परत आले ते प्रत्येक ‘जातो’चे ‘जाते’ करून. शाळेत मीही मुलींना व्याकरणाचे नियम शिकवले आहेत, त्यामुळे मासिकाच्या संपादकांवर माझा राग नाही. पण ती दुरुस्ती वाचताना पानावरची बाई माझ्या ओळखीची राहिली नव्हती. माझ्या आजीनेही जन्मभर ‘मी येतो’ म्हणूनच निरोप घेतला होता.

गल्लीत एक आक्का आहेत. वय नव्वदीच्या घरात. नवव्या वर्षी वखारीत गेल्या आणि छातीने साथ दिली तोवर जात राहिल्या. माझ्या वहीतले निम्म्याहून अधिक त्यांचेच. गेल्या पावसाळ्यात एकदा बोलता बोलता मधेच थांबल्या. जिच्या शेजारी बसून वीस वर्षे काम केले त्या मैत्रिणीचे नाव त्यांना आठवेना. बराच वेळ हाताच्या बोटांकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, “मास्तर, मी विसराय लागलोय. इचारायचं ते बिगीनं इचारा. तुमचं पुस्तक हुईस्तोवर आमी ऱ्हातोय व्हय?”

ते नाव माझ्या जुन्या वहीत होते. मी वाचून दाखवले. आक्कांचा चेहरा एकदम उजळला आणि त्या मैत्रिणीच्या तीन गोष्टी त्यांनी लागोपाठ सांगितल्या. त्यांतल्या दोन मी पूर्वी कधी ऐकलेल्या नव्हत्या. त्या संध्याकाळी माझा निर्णय झाला.

निर्णय झाला म्हणून मन शांत झाले, असे मात्र सांगता येणार नाही. देसायांवरची कादंबरी हे माझ्या तरुणपणाचे स्वप्न. ऐन पंचविशीत मोडी शिकलो ती तिच्यासाठीच. घरच्या मंडळींनाही तेच पुस्तक व्हावे असे वाटते. वखारीच्या गोष्टी कोण वाचणार, असा त्यांचा प्रश्न असतो. त्यांच्या बोलण्यात तथ्य असेलही. दुसरा एक संकोच माझा स्वतःचा आहे. पगारी नोकरी करून सावलीत बसलेल्या माणसाने या बायकांचे कष्ट आपल्या नावावर का खपवावेत? आक्कांना हे विचारले. त्या म्हणाल्या, “माजं नाव नगं घालू. पर खोटंबी लिवू नगं.” त्यांची ही अट मी मान्य केली आहे. प्रत्येक प्रकरण झाले की त्यांना वाचून दाखवतो. चुकले असेल तिथे त्या हात वर करतात.

ज्यांच्या घरी अशी अपुरी बाडे असतील त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, झालेल्या पानांच्या संख्येवर जाऊ नये. कोणत्या कामाची साधने कागदावर आहेत आणि कोणत्या कामाची माणसांत आहेत, ते आधी पाहावे. माणसांतले काम आधी घ्यावे. आणि बाजूला ठेवलेली कामे नुसती बांधून माळ्यावर टाकू नयेत. देसायांच्या बाडावर मी एक यादी चिकटवली आहे: कोणत्या वहीत काय आहे, कोणती कागदपत्रे पाहून झाली, कोणती राहिली. आंदोलनाच्या बाडावरही तसेच केले आहे. पुढे माझ्या हातून झाले तर उत्तमच. नाही झाले, तर ज्याला हवे त्याला पहिल्या पानापासून चाचपडावे लागू नये.

वखारीच्या पुस्तकाची पाने आता चाळिसाची सत्तर झाली आहेत. सकाळी दोन तास लिहितो, डोळे मिटून थोडा पडतो आणि दुपारी वही घेऊन आक्कांकडे जातो. सध्या त्यांच्या पहिल्या हप्त्याच्या पगाराची गोष्ट चालू आहे.