मधल्या जागेचा मानकरी

1867 साली लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला, आणि अकोला-अमरावतीच्या कापसाच्या गाठी ज्या वाटेने मुंबईस जाऊ लागल्या त्याच वाटेने इंग्रजी पत्रांचीही ये-जा वाढली. अशा पत्रांत आजतागायत एक लहानसा दोष हटकून आढळतो, आणि त्याचे मूळ लिहिणाऱ्याच्या अज्ञानात नसून त्याच्या मातृभाषेच्या घडणीत आहे.

अकोल्याच्या एखाद्या जिनिंगमधील कारकुनास मुंबईच्या पेढीला कळवायचे आहे, की ‘आम्ही गाठी आधीच पाठवल्या आहेत.’ तो लिहितो, ‘वुई ऑलरेडी हॅव सेंट द बेल्स.’ अर्थबोध होतो, ‘हॅव’वर मुद्दाम जोर द्यायचा असेल तर ही रचना चालूनही जाते, परंतु साध्या निवेदनात इंग्रजी कानास हवे असते ते ‘वुई हॅव ऑलरेडी सेंट द बेल्स’ हेच. आपल्या पूर्ण वर्तमानकाळात ‘पाठवल्या’ आणि ‘आहेत’ ही जोडी वाक्याच्या शेवटी इतकी लगटून बसते, की तिच्यामध्ये फार तर एखादा ‘च’ शिरतो. सबब क्रियाविशेषणास त्या जोडीच्या अगोदरच कोठेतरी राहावे लागते. इंग्रजीत मात्र ‘हॅव’ पुढे येतो, धातुसाधित मागे राहते, आणि त्या दोहोंमधील मोकळी जागा ‘ऑलरेडी’, ‘जस्ट’, ‘नेव्हर’, ‘ऑल्वेज’ यांची ठरते.

कर्मणी प्रयोगात सहायक क्रियापदे दोन होतात, तेव्हा क्रियाविशेषण पहिल्याच्या पाठोपाठ बसते : ‘द बेल्स हॅव ऑलरेडी बीन सेंट.’ आणि ‘गाठी पाठवल्या काय?’ या प्रश्नास मुख्य क्रियापद गाळून उत्तर द्यायचे झाले, तर क्रम उलटतो व ‘वुई ऑलरेडी हॅव’ हेच शुद्ध ठरते. कारण मागे कोणी उरला नाही, तर मध्ये बसणार कसे?

‘अजून’ची कथा निराळी. ‘वाघीण अजून आली नाही’ हे वाक्य मालधक्क्यावरचा माणूस इंग्रजीत उतरवतो, तेव्हा ‘येट’ला एक तर ‘नॉट’च्या लगोलग मागे, नाही तर वाक्याच्या अगदी अखेरीस ठेवावे लागते : ‘द वॅगन हॅज नॉट कम येट.’

‘काल’ तर या दरबारात वर्ज्यच. ‘मी काल अर्ज दिला आहे’ असे अमरावतीच्या तहसील कचेरीत कोणीही सांगेल आणि त्यात कोणास वावगे वाटणार नाही. परंतु इंग्रजीचा हा काळ कृतीचा संबंध वर्तमानाशी जोडतो, म्हणून संपून गेलेल्या क्षणाचे नाव त्यास सोसत नाही. ‘यस्टरडे’ लिहायचे असेल, तर ‘हॅव’ वगळून साधा भूतकाळ योजावा.

‘मी त कवाचाच जेवलो ना बाप्पा’ असे वऱ्हाडी माणूस म्हणतो, तेव्हा साऱ्या वाक्याचा भार तो त्या एका ‘च’वर सहज पेलतो. इंग्रजीजवळ असा ‘च’ नाही; शब्दाचे स्थान आणि आवाजाचा चढउतार यांवरच तिला तो भार तोलावा लागतो, आणि कागदावर आवाज उमटत नसल्यामुळे लेखनात स्थानाचे मोल आणखी वाढते. तेव्हा इंग्रजी पत्रावर सही करण्यापूर्वी ‘हॅव’च्या लगतची जागा एकवार तपासून पाहावी, पुष्कळदा दुरुस्ती तेवढीच असते.