शिवडीचं निकेल, परळचं निकेल

गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत तुळस बऱ्याचदा डालड्याच्या पिवळ्या डब्यात असायची. डबा गंजला की त्याची बदली व्हायची, ती थेट सकाळच्या सामाईक संडासाच्या रांगेत. डब्यावर ताडाचं झाड होतं. आतला माल घट्ट करणारा धातू मात्र कुणाच्या गावीही नव्हता.

लालबागपासून जवळच, शिवडीला, हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा कारखाना १९३२ साली सुरू झाला आणि १९३७ साली डालडा बाजारात आला. तेलाला तुपासारखं थिजवायची युक्ती त्याआधीची. निकेलच्या भुकटीवर हायड्रोजन कसा कामाला लागतो हे फ्रान्सच्या पॉल साबात्येने दाखवलं होतं (त्याबद्दल १९१२चं नोबेल), आणि १९०१ साली जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मानने ती किमया तेलावर चालवली.

बंद टाकीत तेल दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापवायचं, निकेलची बारीक पूड ढवळायची, दाबाखाली हायड्रोजन सोडायचा. हायड्रोजनच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना सहसा सोडत नाहीत. निकेलवर टेकले की सुटे होतात आणि तेलातल्या दुहेरी बंधाला एकेक करून चिकटतात. तेल थिजू लागतं. निकेल खर्ची पडत नाही, ते गाळून घेता येतं. रसायनशास्त्रात अशा मध्यस्थाला उत्प्रेरक म्हणतात. गंधकाशी मात्र त्याचं वाकडं: गंधक निकेलवर ठाण मांडून बसतो आणि पूड निकामी होते.

हा मध्यस्थ धांदरटही आहे. कधी पहिला अणू चिकटतो आणि दुसरा यायच्या आत रेणू निसटतो. जाताना एक अणू टाकून जातो, दुहेरी बंध पुन्हा जुळतो, पण उलट्या बाजूने. हीच ट्रान्स चरबी. हृदयविकाराशी तिचा संबंध उघड झाला, आणि भारतात जानेवारी २०२२पासून खाद्यतेलं-तुपांत तिच्यावर २ टक्क्यांची मर्यादा आली.

आता त्याच निकेलच्या मागे शिवडीहून परळला, रुग्णालयांच्या वस्तीत. पोटाची एन्डोस्कोपी करताना जठराच्या अस्तराचा कणभर तुकडा काढून युरिया घातलेल्या पिवळ्या जेलमध्ये ठेवतात. जेल गुलाबी झाली, की हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू सापडला म्हणून समजायचं. जठरातल्या आम्लात तो तगतो युरिएज या एन्झाइमच्या, म्हणजे जैविक उत्प्रेरकाच्या, जोरावर: युरिया फोडायचा आणि निघणाऱ्या अमोनियाने भोवतीचं आम्ल मारायचं. जेलचा रंग बदलतो तोही या अमोनियामुळेच.

जेम्स समनरने १९२६ साली युरिएजचे स्फटिक मिळवले, ते आपल्या अबईच्या जातभाई शेंगेच्या दाण्यांतून. त्यात निकेल आहे हे कळायला १९७५ साल उजाडलं. दोन अणू, प्रथिनाच्या खोबणीत नेमके बसवलेले. ना दोनशे अंशांची धग, ना हायड्रोजनचा दाब. शरीराच्या उबेत युरिया फुटण्याचा वेग सुमारे शंभर लाख कोटी पटींनी वाढतो. खोबणीचं माप युरियाचंच, त्यामुळे टाकीतला तो धांदरटपणा इथे चालत नाही.

माणसाच्या स्वतःच्या एकाही एन्झाइमला निकेल लागतं असं अजून आढळलेलं नाही. जिवाणू ते आपल्याच ताटातून उचलतो: डाळींतून, शेंगदाण्यांतून.