घर पुन्हा उभं करायला किती लागतील?

गेल्या काही बैठकांमध्ये आम्ही गटागटांत एकच प्रश्न विचारत आलो, "विमा कुणाकुणाचा आहे?" जवळपास सगळ्या हात वर करतात. मग विचारतो, "घराचा?" की हात खाली. बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कटतात ती सुरक्षा विमा योजना आणि ४३६ रुपये कटतात ती जीवन ज्योती. दोन्ही माणसाच्या आहेत. पीकविमा शेताचा. भिंत पडली, पत्रा उडाला, घर जळालं तर यातला एकही रुपया घराला मिळत नाही. घराचा विमा वेगळा काढावा लागतो. तो काढायचा तर पहिला प्रश्न येतो, किती रकमेचा? आज त्याच आकड्याबद्दल बोलू. हप्ता किती, कंपनी कुठली, हे नंतर. आकडा चुकला तर बाकी सगळं बरोबर असूनही घर अर्धंच उभं राहतं.

"सरकार देतंच की," असं बऱ्याच जणी म्हणतात. देतं, आणि ते मागायलाच पाहिजे. पण किती देतं? आपत्तीत पक्कं घर पूर्ण पडलं तर मैदानी भागात १ लाख २० हजार. थोडं पडलं, म्हणजे निदान १५ टक्के, तर पक्क्या घराला साडेसहा हजार, कच्च्याला ४ हजार. झोपडी पडली तर ८ हजार. वाहून गेलेल्या कपड्यांना अडीच हजार, भांड्यांना अडीच हजार. २०२२ पासूनचे हे दर आहेत. तुमचं घर केवढं होतं, त्यात काय होतं, हे इथं कुणी मोजत नाही. ही मदत आहे, भरपाई नाही.

हा फरक आपल्या भागाइतका कुणी पाहिलेला नसेल. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत हजारो माणसं गेली. आमच्यातल्या बऱ्याच जणी तेव्हा पाळण्यात होत्या, काहींचा जन्मही व्हायचा होता. पण घरं कशी पडली ते आम्ही सासूबाईंकडून, आईकडून ऐकत आलो. दोन-दोन हात रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, त्यावर लाकडाचं आढं, आणि वर वर्षानुवर्षं चढवत नेलेली माळवदाची माती. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद अंगावर आलं.

नंतर ५२ गावं दुसऱ्या जागी वसवली. जागतिक बँकेच्या मदतीनं मोठं काम झालं. शेकडो गावांत महिला मंडळातल्या बायकांना संवाद सहाय्यक नेमलं, त्यांनी घरदुरुस्तीवर लक्ष ठेवलं, मिस्त्र्यांशी वाद घातले. ते काम फार मोलाचं होतं. पण घर कुणाला केवढं मिळालं, ते कशावर ठरलं माहीत आहे? जमिनीवर. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, सात हेक्टरांच्या वर जमीन असलेल्यांना ७५०. सरकारला काहीतरी मोजमाप लावणं भागच होतं, त्याला आम्ही नावं ठेवत नाही. पण जमीन नाही आणि बापजाद्यांचं ऐसपैस घर आहे, अशा कुटुंबाला? त्यालाही २५०. पडलं ते घर कुणी मोजलं नाही. तुमचं स्वतःचं घर मोजून पैसे मिळण्याचा रस्ता एकच, विमा. आणि तिथंही आधी तुम्हीच नीट मोजलेलं असलं पाहिजे.

जमीन अजूनही अधूनमधून हलते. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीकडे केंद्र असलेला ४.५ चा धक्का नांदेडमध्येही जाणवला. पत्र्यावर दाबाला ठेवलेले दगड काढून घ्या, असं नांदेडच्या प्रशासनानं तेव्हा सांगितलं होतं. तुमच्या पत्र्यावर अजून असतील तर आजच उतरवा, त्याला पैसे लागत नाहीत. आणि पाणी तर ताजंच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव भागात पाणी शिरलं, तेव्हा लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी निघावं लागलं.

आता आकडा. आम्हाला बैठकीत तीन आकडे ऐकायला मिळतात आणि तिन्ही चुकीचे असतात.

पहिला, "घरकुल आहे, १ लाख २० हजाराचं." घरकुलाला सरकारनं तेवढे दिले. पण तुम्ही वरून किती घातले? दागिना मोडला, गटातून उचल घेतली, पुढं पडवी काढली, फरशी बसवली. घर एक-वीसमध्ये उभं राहिलं नव्हतं, आणि आज तर नाहीच राहणार.

दुसरा, बाजारभाव. "रस्त्याकडेला आहे, पंधरा लाखाला मागतात." मागत असतील, पण त्यात जागेची किंमत आहे. भूकंप झाला, पूर आला तरी जागा तिथंच राहते. जागेचा विमा नसतो, घराचा असतो. पंधरा लाखाचा विमा काढला तर हप्ता जास्त जाईल आणि मिळेल मात्र बांधकामाच्या खर्चाइतकंच.

तिसरा आकडा फसवा, कारण तो कागदावर असतो. घरासाठी २ लाख कर्ज घेतलं आणि कर्जाबरोबर २ लाखांचा विमाही काढून दिला. बाईला वाटतं, घराचा विमा झाला. झाला तो कर्जाएवढाच. घर जळालं तर आलेल्या पैशातून आधी कर्ज फिटणार आणि हातात राहणार राखेचा ढीग. कर्ज घेताना तुमच्या पॉलिसीवर रक्कम किती लिहिली आहे ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर बैठकीला आणा.

खरा आकडा एकाच प्रश्नातून निघतो. हेच घर उद्या पहिल्यापासून बांधायचं तर आजच्या दरानं किती लागतील?

गावातल्या गवंड्याला बोलवा. चहा पाजा, टेप घ्या. तो घर बाहेरून मोजेल, कारण त्याचा दर बाहेरच्या मापाचा असतो. समजा बाहेरून २४ फूट बाय २० फूट, म्हणजे ४८० चौरस फूट. तुमच्याकडचा दर समजा १,६०० रुपये फूट, सामान आणि मजुरी धरून. ४८० गुणिले १,६०० म्हणजे ७ लाख ६८ हजार. हा झाला घराचा आकडा. दर मात्र आमचा धरू नका. सिमेंट, सळई, वाळू यांचा भाव देगलूरला वेगळा, औशाला वेगळा. दोघा मिस्त्र्यांना विचारा.

इथं एक खाच आहे, ती नीट ऐका. विम्याच्या अर्जात घराचं आतलं माप विचारतात, म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंतची वापरायची जागा. त्याला चटई क्षेत्र म्हणतात. त्या मापाला दरानं गुणून रक्कम काढतात. आता आपलं ४८० फुटांचं घर आतून भरतं समजा ४००. गवंड्याचाच १,६०० दर या ४०० ला लावला तर येतात ६ लाख ४० हजार. सव्वा लाखाच्या वर रक्कम भिंतींच्या जाडीत गेली! जुन्या दगडी भिंतींच्या घरात तर याहून जास्त जाते. म्हणून गवंड्याचा पूर्ण खर्च ७ लाख ६८ हजार घ्या, त्याला आतल्या ४०० नं भागा. येतात १,९२०. अर्जात दर लिहायचा तो हा.

मग अंगणात या. बाहेरचा संडास, कंपाऊंडची भिंत, सिमेंटची टाकी, गच्चीवरचं सोलर. बायका हे कायम विसरतात, आणि पुरात आधी पडते ती कंपाऊंडचीच भिंत. त्यांचा खर्च वेगळा लिहून घ्या.

हे सगळं ज्या पॉलिसीत बसतं तिचं नाव भारत गृह रक्षा. १ एप्रिल २०२१ पासून घराचा विमा विकणाऱ्या सगळ्या कंपन्यांना ही ठेवणं बंधनकारक आहे, आणि अटी सगळीकडे सारख्या. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, झाड पडणं हे यात येतं. घर राहण्यालायक नसेल तेव्हाचं दुसरीकडचं भाडंही येतं. एका वर्षाची मिळते, दहा वर्षांपर्यंतचीही मिळते, आणि घराच्या रकमेत वर्षाला १० टक्क्यांप्रमाणे वाढ आपोआप धरतात. नवी खोली काढली तर मात्र ती आपणच कळवायची.

एजंटशी बोलताना हेच नाव घ्या. कारण इतर काही पॉलिसींमध्ये एक कात्री असते. घर आठ लाखांचं, विमा चार लाखांचा, आणि नुकसान दोन लाखांचं झालं, तर तुम्हाला वाटेल दोन लाख तर चारच्या आतच आहेत. पण विमा निम्म्याचाच काढला म्हणून नुकसानीचेही निम्मेच देतात, एक लाख. गृह रक्षामध्ये ही कात्री लावत नाहीत. तरी रक्कम कमी लिहिली तर पूर्ण घर पडल्यावर मिळणार तेवढीच, हे विसरू नका.

आता सामान. घराच्या रकमेच्या २० टक्के इतका सामानाचा विमा या पॉलिसीत आपोआप धरतात, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, यादी न देता. आपल्या हिशोबात १ लाख ५३ हजार ६००. पुरतील? एकदा घरात फिरून बघा. कपाट, फ्रिज, टीव्ही, गॅस, मुलीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेली भांडी, गाद्या, वर्षाचं धान्य. आज नव्यानं घ्यायला काय पडेल ते एका कागदावर लिहा. बऱ्याच घरांना २० टक्के पुरतात. नाही पुरले तर यादी देऊन रक्कम वाढवून घेता येते. सोन्याचं वेगळं आहे. दागिने यात आपोआप येत नाहीत, किंमत ठरवून वेगळे लिहावे लागतात. म्हैस-शेळीचा विमा वेगळा. आणि आपल्या गटातल्या ज्या बायका घरात पिठाची गिरणी, शेवयांचं मशीन, पापडाचा माल ठेवतात त्यांनी लक्ष द्या. धंद्याचं सामान घरसामानात धरत नाहीत. त्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची वेगळी पॉलिसी आहे.

काय मिळत नाही, तेही आधीच कळलेलं बरं. काळ्या मातीत पाया हलतो, दर उन्हाळ्यात भिंतीला चिरा पडतात. हे नेहमीचं खचणं, जुनी झालेली भिंत, पावसाळ्यात गळणारं छप्पर, हे विम्यात नाही. नुसती घरफोडीही नाही. पूर किंवा आगीनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी येते. भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, हे अर्जात खरंच लिहा. ताडपत्रीचं, गवताचं घर कच्चं धरतात आणि हप्ता जास्त पडतो, म्हणून कुणी पक्कं लिहायला सांगेल. ऐकू नका. नुकसान पाहायला सर्वेअर येतो, तो डोळ्यांनी बघतो.

एक कागद राहिला, नमुना आठ. ग्रामपंचायतीत घर कुणाच्या नावावर आहे ते काढून पाहा. सासरे जाऊन दहा वर्षं झाली तरी घर त्यांच्याच नावावर, असं निम्म्या घरांत निघतं. नावावर नसलेल्या घराचे पैसे मागताना अडचण येते. वारसाची नोंद करून घ्या, आणि नवऱ्याबरोबर आपलंही नाव लावून घ्या. पॉलिसीही दोघांच्या नावानं काढता येते.

नमुना आठ, गवंड्याचा हिशोब, सामानाची यादी आणि घराचे आतून-बाहेरून फोटो मोबाईलमध्ये काढून मुलीच्या किंवा बहिणीच्या फोनवर पाठवून ठेवा, कारण पुरात आपला फोनही जातो. नुकसान झालं तर कंपनीला लगेच कळवा आणि सर्वेअर येईपर्यंत मोडलेलं सामान टाकून देऊ नका. तलाठ्याचा पंचनामाही करून घ्या. तो सरकारी मदतीसाठी लागतो, आणि त्याची एक प्रत विम्याच्या अर्जालाही जोडा.