जात्यावरची पहाट कुठे गेली?

नांदेड-लातूरकडे घर सांभाळून लिहिणाऱ्या बायका पहाटेचाच तास धरतात. पोरांची शिकवणी, डबे, नळाचं पाणी सुरू व्हायच्या आत कागदावर उतरेल तेवढं आपलं. मीही त्यातलीच. पण या वेळेचा शोध आम्ही लावलेला नाही.

गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण करताना अभंग रचत राहिली. तिच्यामागून खेडोपाडीच्या बायकांनी तीच वेळ धरली. कोंबडा आरवायच्या आत उठायचं, सुपात ज्वारी घ्यायची, समोर जाऊ बसली तर खुंट्याला दोघींचे हात, आणि जातं फिरू लागलं की ओवी. निजामाच्या राज्यात शाळा मोजक्या, त्यात उर्दूचा अंमल. पोरींना अक्षरओळख कुठून होणार? तरी रचना थांबली नाही. माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरीची वाट, सीतेचा वनवास, सगळं जात्यापाशी बोललं गेलं. दिवसभर तोंड न उघडणारी सून तिथं मोकळी व्हायची, कारण तिचे हात कामात असायचे. कामात असलेल्या बाईला कुणी हटकत नाही. तिच्या मोकळेपणाचं खरं कारण मला हेच वाटतं.

हे शब्द जागीच विरले असते, पण तसं झालं नाही. उस्मानिया विद्यापीठात मराठी शिकवणारे डॉ. ना. गो. नांदापूरकर, म्हणजे आमच्या नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचे मामा, यांनी बायकांच्या ओव्या जमवून 'मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा' सिद्ध केली. दळणाऱ्या बाईला त्यांनी कवी मानलं, याचं मोल मोठं आहे. पुढं हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांच्या प्रयत्नांतून राज्यभरातल्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. १९९६ साली परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाजही त्यात ध्वनिमुद्रित झाला.

तोवर विजेची गिरणी गावोगाव पोचली होती. खांद्या-कमरेचं दुखणं गेलं. जात्यासाठी हळहळण्यात अर्थ नाही. पण गिरणीनं वाचवलेली पहाट बाईच्या हाती राहिली नाही. ती हंड्या-कळशीकडे गेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात ती टँकरच्या रांगेत गेली. आता ती शिकवणीच्या डब्यांत जाते. या कामांना जात्याची लय नाही. फोडणीवर नजर लागते, घड्याळाकडे कान लागतो, आणि मनातली ओळ तिथंच सुटते. म्हणून लिहायला तास वेगळा काढावा लागतो, तोही झोपेतून.

जनाबाईनं अभंगात आपलं नाव घातलं. ओवी रचणारीनं बहुधा तेही केलं नाही. भावाचं, लेकाचं घातलं.

घरच्यांना एवढंच सांगणं आहे. लिहिणाऱ्या बाईचा तो तास कामातून सोडवा. चहा तुम्ही ठेवा, डबा तुम्ही भरा. आणि जात्यावर बसलेली आजी अजून घरात असेल, तर तिच्या ओव्या मोबाइलवर भरून घ्या. सोबत तिचं नाव आणि गाव लिहायला विसरू नका.