येईन, येणार आणि इंग्रजी

मूल इंग्रजीचा भविष्यकाळ घोकीत बसले, की घरची माणसे म्हणतात, "आम्हांला त्यातलं काय कळतंय?" तसे म्हणू नका. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे, तेव्हा ही वेळ लहानपणीच येते. आणि मराठी चांगले येत असेल, तर तुम्ही मुलाला पुष्कळ मदत करू शकता.

आपण करीन, करशील, करील म्हणतो; क्रियापदालाच प्रत्यय लागतो. इंग्रजीत तसला प्रत्यय नाहीच. क्रियापदाआधी 'विल' ठेवायचे, की झाले. 'आय विल कम', 'शी विल कम'. कर्ता बदलला तरी 'कम'चे 'कम्स' करायचे नाही. मी आणि आम्ही यांना 'शॅल' लावायचा नियम तुम्ही शाळेत घोकला असेल. आता तिथेही 'विल' चालते. (गंमत अशी, की 'विल'चा मूळ अर्थ इच्छा असणे, आणि 'शॅल'चा देणे लागणे. सावकाराच्या वहीतला शब्द व्याकरणात येऊन बसला म्हणा ना!)

आभाळ भरून आले, की तुम्ही म्हणता, "पाऊस येणार." खूण समोर दिसते आहे. तिथे 'इट इज गोइंग टु रेन' म्हणावे. सोयाबीन पेरायचे आधीच ठरले असेल, तरी 'वुई आर गोइंग टु सो सोयाबीन'. पण बैल सुटला आणि तुम्ही जागच्या जागी म्हणालात, "थांब, मी धरतो," तर तिथे 'आय विल कॅच इट'. मराठीत वर्तमानकाळ आहे म्हणून मुले 'आय कॅच इट' लिहितात, ते चूक. बस सहाला सुटते, हे मात्र इंग्रजीतही वर्तमानकाळातच: 'द बस लीव्हज अ‍ॅट सिक्स'.

मुले हमखास फसतात ती पुढच्या वाक्याला. 'पाऊस पडला की पेरू.' पाऊस अजून पडायचा आहे, तरी आपण 'पडला' म्हणतो. इंग्रज तिथे वर्तमानकाळ घालतो: 'व्हेन इट रेन्स, वुई विल सो'. 'विल' एकदाच, आणि तेही पेरण्याला. जर-तरच्या 'इफ'लाही हाच नियम.

आज रात्री मुलाला विचारा, "दादा आला की जेवू, हे इंग्रजीत कसं म्हणशील?" तुम्हांला वाचता आले नाही तरी कान द्या. 'व्हेन'नंतर दादाच्या येण्याला 'विल' लागलेले ऐकू आले, तर पुन्हा म्हणायला लावा.