स्पर्धा आणि समृद्धी

समोर नवे दुकान उघडले की जुन्या पेढीच्या मालकास चिंता वाटावी, हे स्वाभाविक आहे. परंतु ज्या स्पर्धेस आपण संकट समजतो, तिलाच अर्थशास्त्रज्ञ राष्ट्राच्या उत्कर्षाचे साधन मानतात. हे कसे, याचा थोडक्यात विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

अ‍ॅडम स्मिथ याने १७७६ साली प्रतिपादिले की, विक्रेते अनेक असले म्हणजे कोणासही मनास येईल तो भाव घेता येत नाही. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानी जाते. त्याच ग्रंथात त्याने असाही इशारा दिला की, एका धंद्याचे लोक एकत्र जमले म्हणजे बोलणे बहुधा भाव चढविण्याच्या संगनमतावर येते. आपल्यासारख्या संघांनी हा इशारा विसरता कामा नये.

मात्र केवळ भाव उतरल्याने देशाची वाढ होत नाही. जोसेफ शुंपीटर याने १९४२ साली दाखविले की, खरी स्पर्धा नव्या मालाची व नव्या पद्धतीची असते. तीत जुने मोडते आणि नवे उभे राहते. पण आज काढलेली युक्ती उद्याच सर्वांनी उचलली, तर तिच्यासाठी पैसा कोण घालील? फिलिप आगियाँ व पीटर हॉविट यांनी १९९२ साली हा विचार गणिताने मांडला; त्यांना जोएल मोकिर यांच्यासमवेत २०२५ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आगियाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ब्रिटिश उद्योगांच्या अभ्यासावरून दाखविले की, स्पर्धा वाढू लागली की नवे शोध वाढतात. ती अतोनात झाली की ते घटतात. बरोबरीच्या पेढ्या चुरशीने पुढे सरतात. फार मागे पडलेल्यांचा धीर सुटतो.

आपल्या देशात १९९१ साली बहुतेक उद्योगांवरील परवान्याचे बंधन उठले. पुढे २००२ च्या स्पर्धा कायद्याने संगनमताने भाव ठरविण्यास मनाई केली, आणि ती व्यापारी संघांसही लागू आहे. म्हणून संघाने भाव बांधू नयेत. मागे पडलेल्या सभासदास हिशेबाचे, मालाच्या पारखीचे व नव्या साधनांचे शिक्षण द्यावे. त्याचा धीर टिकविणे हेच संघाचे खरे कार्य होय.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांत खोटी वजनेमापे व भेसळ यांची गणना आहे. मापात मारून स्वस्त विकणे ही स्पर्धा नव्हे. सचोटीने चढाओढ करणाऱ्याचा लाभ त्याच्या पेढीस होतो, तसाच गिऱ्हाइकास व देशासही होतो.